ड्रॉइंगमास्तर अजिंठ्याला जातात

नक्कल हा शब्द आपल्या भाषेत मोठा दुर्दैवी आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून मुलगा लिहितो ती नक्कल; वगात सोंगाड्या पाटलाच्या चालीने चालून दाखवतो तीही नक्कल. पण आणखी एक तिसरी नक्कल आहे. कचेरीत अर्ज करून, शिक्का मारून आणतात ती. अस्सल कागद वाळवीने खाल्ला, तर वाडवडिलांची जमीन या नकलेच्याच आधारावर शाबूत राहते. आज मी जी हकीगत सांगणार आहे ती या तिसऱ्या जातीच्या नकलेची आहे. फरक इतकाच, की ही नक्कल चित्रांची होती आणि ती करणारी माणसे मुंबईच्या एका शाळेतले मास्तर आणि विद्यार्थी होते.

मी स्वतः शाळामास्तर. मराठी शिकवतो, आणि शाळा लहान असल्यामुळे चित्रकलेचे तासही माझ्याच गळ्यात पडलेले आहेत. टेबलावर तांब्या, पुस्तक, फार तर एखादे वांगे मांडावे आणि मुलांनी ते पाहून उतरवावे, असा आमचा सरळ कारभार. अलीकडे पालक भेटायला येतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोराला पाहून काढायला लावू नका. मनाने काढू द्या. नाहीतर त्याची प्रतिभा मरते." त्यांची कळकळ मला समजते. पण वर्गाचा अनुभव निराळा आहे. "मनाने काढा" म्हटले, की चाळीसच्या चाळीस मुले तेच दोन त्रिकोणी डोंगर काढतात, त्यांच्या मधून तोच अर्धा सूर्य उगवतो, तीच नदी वळत येते आणि तिच्या काठी तेच झोपडे उभे राहते. मग गावाला डोंगर असो वा नसो! याला मन म्हणावे, की कधीकाळी कुणीतरी केलेल्या चित्राची, न पाहता केलेली नक्कल म्हणावे? उलट तांब्या समोर ठेवला की चाळीस तांबे चाळीस तऱ्हांचे होतात. हे कोडे मनात घोळत असतानाच मी ग्रिफिथ्ससाहेबांच्या गोष्टीकडे वळलो.

अजिंठ्याची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको. वाघूर नदीच्या नालासारख्या वळणावर कोरलेली तीस लेणी. त्यांतली नववे-दहावे यांसारखी मोजकी ख्रिस्तपूर्व काळातली, बाकीची बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या अमदानीत पूर्णत्वाला आलेली. पुढे ती झाडाझुडपांत बुडाली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. सहलीला गेल्यावर भिंतीवर नावे कोरू नका असे मुलांना बजावताना हा गृहस्थ दरवेळी आडवा येतो.

ही चित्रे फार दिवस टिकायची नाहीत, हे पाहणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. पावसाचे पाणी, वटवाघळे, गोसाव्यांच्या धुन्या, आणि आठवण म्हणून रंगीत पोपडा काढून नेणारे हौशी प्रवासी, सगळ्यांनी मिळून भिंती पोखरायला घेतल्या होत्या. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीमार्फत कंपनी सरकारकडे लकडा लावला, आणि १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची नकला करण्यासाठी नेमणूक झाली. गिल अजिंठा गावात राहिला आणि जवळजवळ वीस वर्षे कॅनव्हासवर तैलरंगात भिंती उतरवत राहिला. त्याची आणि पारोची कहाणी आपल्याकडे कविता आणि सिनेमा यांनी घरोघर पोचवली आहे. पारोची १८५६ सालची कबर अजिंठा गावात आहे. मला मात्र त्या कहाणीपेक्षा दुसरी गोष्ट अधिक चटका लावते. गिलची भव्य चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये त्या काचमहालाला आग लागली आणि वीस वर्षांच्या कामापैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कॅनव्हास मागे राहिले. गिल तेव्हा साठी ओलांडलेला होता. तरी तो पुन्हा त्याच लेण्यांकडे वळला. १८७९ साली तो वारला तो भुसावळला. तिथेच त्याचे थडगे आहे.

आता आपल्या ड्रॉइंगमास्तरांकडे येऊ. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ साली तिथे विलायतेहून शिक्षक आले, त्यांत जॉन लॉकवुड किपलिंग हे शिल्पाचे, आणि जॉन ग्रिफिथ्स हे चित्रकलेचे. ग्रिफिथ्स जन्माने वेल्समधले, वय अठ्ठावीसच्या आतबाहेर. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या साच्यातला. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठोकळे समोर ठेवायचे आणि मुलांनी त्यांच्या छायाप्रकाशाचा अभ्यास करायचा. गिरगाव-भुलेश्वरातून चालत येणाऱ्या पोरांनी वर्षभर ज्याचे नाक तासून काढायचे, तो देव त्यांनी देवळात कधी पाहिलेला नसे.

ग्रिफिथ्स इथे निराळे निघाले. त्यांनी अजिंठा पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले, की हिंदी विद्यार्थ्याला शिकवायला याहून चांगला कित्ता जगात नाही. इथल्या चेहऱ्यांत भाव आहेत, अवयवांत हालचाल आहे, फुले उमललेली आणि पाखरे उडालेली आहेत, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. सरकारकडून पैसे मंजूर करून घेऊन १८७२ च्या अखेरीस ते विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याला निघाले. आगगाडी खानदेशापर्यंत पोचलेली होती. पुढे बैलगाडीची वाट. त्यानंतर १८८५ पर्यंत, मधे खंड पडत, हे काम चालले आणि त्यातून सुमारे तीनशे नकला तयार झाल्या. काही प्रत्यक्ष भिंतीतल्या आकाराएवढ्या. विद्यार्थ्यांत सर्वांत जाणता होता पेस्तनजी बोमनजी, जन्म १८५१ चा, म्हणजे पहिल्या खेपेला जेमतेम एकवीस वर्षांचा.

हा वर्ग कसा भरत असेल याचे चित्र मी मनाशी पुष्कळदा रंगवतो. दाराशी लख्ख ऊन आणि दहा पावले आत गेले की डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख. विजेचे दिवे येण्यापूर्वी आरशाने उन्हाचा कवडसा आत फिरवून लेणी दाखवत, हे जुन्या प्रवाशांना ठाऊक आहे. अशा उजेडात, छताकडे माना वळवून, कमळाच्या एकेका पाकळीची रेषा पकडायची. पहिल्या लेण्याच्या छताचे चौकोन या मुलांनी मोठ्या हौसेने उतरवले. त्यांत कमळवेलीत झुलणारे हत्ती आहेत, हंस आहेत, फळांचे घोस आहेत, गमतीचे बुटके लोक आहेत. प्रत्येक चौकोन नवा. मागच्या चौकोनातला हत्ती हात सवयीने पुढच्यात ओढू पाहील, पण समोरचा हत्ती तसे करू देत नाही. त्याचे डोके वळलेले असते, सोंड निराळ्या बाजूला गेलेली असते. पाहून काढणे म्हणजे काय, ते इथे कळते. हाताला येत असलेले बाजूला ठेवून समोर असलेले मान्य करायचे. माझ्या वर्गातल्या तांब्याचे गुपितही बहुधा हेच असावे.

सोळाव्या लेण्यात एक राजस्त्री मूर्च्छित होऊन कलंडलेली आहे, भोवती दासी घाबऱ्या झाल्या आहेत. त्या काळी या चित्राला मरणोन्मुख राजकन्या म्हणत. ग्रिफिथ्सनी त्याची स्तुती करताना हात आखडता घेतला नाही. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन याहून चांगले केले असते, व्हेनिसवाल्याने रंग चांगले दिले असते, पण हा भाव त्यांना आणता आला नसता, अशा अर्थाचे ते लिहितात. पुढे विद्वानांनी कथा जुळवून दाखवली, की ही मरणारी राजकन्या नव्हे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घरी परत आला आणि तो पाहून त्याची पत्नी सुंदरी कोसळली, तो हा प्रसंग. म्हणजे साहेबांची गोष्ट चुकली होती. पण चेहरा चुकला नव्हता. शोक कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते, तो किती खोल आहे हे मात्र त्यांना आणि त्यांच्या मुलांना रेघ न् रेघ उतरवताना कळले. म्युझियमात चित्राखालची पाटी वाचून पुढच्या चित्राकडे वळणारे आपण सारे याच्या नेमके उलट करतो. पाटी बरोबर वाचतो, आणि चित्र पाहायचे राहून जाते.

नकलेला मर्यादाही होत्या. अजिंठ्याची भिंत म्हणजे दगडावर माती, तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून दिलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि कोरड्या पृष्ठावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा गेरूचा, पिवळा मातीचा, हिरवा तसाच मातीचा, काळा काजळीचा. एक निळा तेवढा दूरदेशीचा, लाजवर्द दगडाचा. हे सारे रंग मातीसारखे मऊ, चकाकी नसलेले. मुलांच्या हातात होते तेलाचे रंग. तेलाला अंगचीच चमक आणि अंगचाच अंधार. तेव्हा नकलेत आकार आला, भाव आला, पण भिंतीचा श्वास येणे शक्य नव्हते.

आणि आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना लेखणी अडखळते. धुराने आणि धुळीने माखलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या कामाच्या वेळी भिंतींवर व्हार्निशचा हात फिरवला गेला. ओले होताच रंग झळाळून उठले असतील. नदीतला गोटा भिजला की रंगीत दिसतो तसे. पण व्हार्निश वाळते, पिवळे पडते, काळपट होते आणि आक्रसताना खालचा रंगही ओढते. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा इटालियन कारागिरांना आणवले. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले, जुने व्हार्निश काढण्याची खटपट केली, आणि रंग पक्के व्हावेत म्हणून स्वतः लाखेचा हात दिला. तीही लाख पुढे पिवळी पडली. ज्याने या चित्रांवर आपल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण उभे केले, त्याच मास्तराच्या हातून त्यांच्यावर हा थर चढला. काहीजण एवढ्यावरून ग्रिफिथ्स यांना गुन्हेगारच ठरवतात. मला ते पटत नाही. पण 'त्या काळी तसेच करत' एवढे म्हणून सोडून देणेही पटत नाही. चित्र पाहण्याच्या घाईपोटी चित्राचे नुकसान होते, हे त्यांच्या प्रकरणात लख्ख दिसते, आणि आज लेण्यात फ्लॅश मारू नका असे रखवालदार ओरडतो तेव्हा त्याच्या ओरडण्यातही तेच असते.

तयार झालेले कॅनव्हास लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमकडे जात. डोंगरातल्या ओलसर लेण्यापेक्षा राजधानीतले म्युझियम सुरक्षित, असे कुणालाही वाटेल. १८८५ साली तिथे आग लागली आणि शंभराहून अधिक नकला जळून किंवा होरपळून गेल्या. गिलचे नशीब ग्रिफिथ्सनाही सुटले नाही! पुढची गोष्ट तर नवलाचीच म्हणायची. जपानी अभ्यासक आणि चित्रकार १९१७ च्या सुमारास अजिंठ्याला आले, त्यांनी आपल्या पद्धतीने कागदावर नकला घेतल्या, आणि त्या टोकियोत असताना १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. तीन वेळा नक्कल 'सुरक्षित' जागी गेली आणि तीनही वेळा तिचा घात झाला. मातीच्या लेपावरचे अस्सल मात्र पंधराशे वर्षे भिंतीला धरून राहिले आहे.

ग्रिफिथ्स खचले नाहीत. उरलेल्या नकलांवरून त्यांनी १८९६-९७ साली दोन मोठे खंड प्रसिद्ध केले, आणि अजिंठा जगातल्या ग्रंथालयांत पोचला. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमपाशी दीडशेहून अधिक कॅनव्हास उरले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बहुतेक वखारीतच गुंडाळलेले होते. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांची साफसफाई आणि छायाचित्रण झाले. भिंतीवरचा जो भाग मधल्या दीडशे वर्षांत झडून गेला, त्याची साक्ष द्यायला आता पुष्कळदा हे विद्यार्थ्यांचे कॅनव्हासच पुढे येतात. अस्सल कागद वाळवीने खाल्ल्यावर कचेरीतली नक्कल पुढे येते, तसे.

या वर्गातल्या मुलांचे पुढे काय झाले, हा मास्तरी प्रश्न मला सुटत नाही. पेस्तनजी बोमनजी नामांकित चित्रकार झाले आणि १९३८ पर्यंत जगले. त्यांची चित्रे पाहिली तर अजिंठ्याचा मागमूस नाही! पारशी घरातली माणसे, पोपटाला दाणे घालणारी बाई, खिडकीतून येणारा मंद उजेड, असा सारा तैलचित्राचा युरोपीय थाट. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या भिंती उतरवण्यात गेली, त्यांतला एक हंससुद्धा त्यांनी आपल्या चित्रात उसना घेतला नाही. काही टीकाकारांना हा ग्रिफिथ्स यांचा पराभव वाटतो. मला तसे वाटत नाही. पोपटाकडे पाहणाऱ्या त्या बाईची मान कशी कललेली आहे, हे दिसायला लागणारा डोळा कुठे तयार झाला असेल?

शाळेच्या कुंभारकामात मात्र अजिंठा उघड उघड शिरला. जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे चकचकीत मिन्याची भांडी होत, आणि अजिंठ्याच्या नकलांतून घेतलेल्या आकृत्या त्या कुंभांच्या पोटावर वळणे घेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात अशी जुनी भांडी जपलेली आहेत. १८७२ साली, म्हणजे मुले अजिंठ्याला निघाली त्याच वर्षी, हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. मुंबईला जाणाऱ्या वाचकांनी राणीच्या बागेतल्या प्राण्यांसाठी जेवढा वेळ ठेवलेला असतो, त्यातला अर्धा तास या शेजारच्या इमारतीला जरूर द्यावा. पोरांना हातात वही द्यावी आणि एकच भांडे काढायला सांगावे. चार दालने पळत पाहण्यापेक्षा ते बरे.

१८९० साली म. वि. धुरंधर कलाशाळेत दाखल झाले तेव्हा ग्रिफिथ्स मुख्याध्यापक होते. त्यांच्या उत्तेजनाच्या आठवणी धुरंधरांनी आपल्या 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या पुस्तकात प्रेमाने नोंदवल्या आहेत. मराठी शिक्षकांनी ते पुस्तक मिळवून वाचावे.

पुढे १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकलांचे काम हाती घेतले. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी आली आणि हैदराबादेहून सय्यद अहमद. नंदलालबाबूंच्या बाबतीत पेस्तनजींच्या उलट घडले. अजिंठ्याची रेषा त्यांच्या हातात जन्मभर राहिली. आणि अमृता शेरगिल? त्या १९३६ च्या अखेरीस अजिंठ्याला गेल्या, त्यांनी नक्कल करत हिवाळे घालवले नाहीत, केवळ पाहिले. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' या चित्रांत त्या भिंतीवरची माणसे नव्या अंगाने येऊन बसली. तेव्हा नक्कल केली तरच विद्या येते असा नियम काही करता येत नाही. शेरगिलबाईंचा हात आधीच पॅरिसमध्ये वर्षानुवर्षे समोर माणूस बसवून काढण्यात तयार झालेला होता, एवढे मात्र पालकांनी लक्षात घ्यावे.

सय्यद अहमद यांचे मला फार अप्रूप वाटते. हेरिंगहॅमबाईंबरोबर आलेली बाकीची मंडळी आपापल्या गावी परतली, मोठी झाली. हे मात्र निजाम सरकारच्या नोकरीत पुढे लेण्यांचेच रक्षक झाले आणि त्याच भिंती पुन्हा पुन्हा उतरवत राहिले. त्यांच्या नकला हैदराबादच्या सरकारी संग्रहालयात अजिंठ्याच्या दालनात लावलेल्या आहेत. आगीतून आणि भूकंपातून वाचलेल्या या नकला, लेण्यापासून फार लांब नसलेल्या गावात, कुणीही जाऊन पाहाव्यात अशा.